पुण्यात गिझर-सोलरचं काम कुणाच्या हाती द्यावं?

थंडी पडली की पुण्यात गिझर दुरुस्तीवाल्यांचे फोन लागत नाहीत, आणि जो आधी येईल त्याला काम दिलं जातं. सेवा ढोबळमानाने तीन ठिकाणांहून मिळते: कंपनीचं सर्व्हिस सेंटर, मोबाइलवरून बुक केलेला माणूस, आणि भागातल्या हार्डवेअरच्या दुकानातून येणारा प्लंबर किंवा वायरमन. तिन्हीकडे जाणकारही आहेत आणि अर्धवटही. पिशवीत मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं यंत्र) आहे का, आणि निदान सांगण्याआधी तो बाहेर निघतो का, यावरून अर्धी पारख होते.

‘पाणी तापत नाही’ म्हटलं की ‘कॉइल गेली’, म्हणजे पाणी तापवणारा भाग जळला, हे ठरलेलं उत्तर येतं. २ किलोवॉटची कॉइल शाबूत असेल तर तिच्या दोन टोकांत साधारण २६ ओहम दिसतात. तेवढा आकडा आला तर कॉइल तुटलेली नाही. दोष थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा भाग), कटआउट (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा भाग) किंवा वायरिंगमध्ये शोधायचा. कटआउट उडाला असेल तर बटण दाबून गिझर चालू होतो, पण जाणकार माणूस थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय तिथे थांबत नाही. कटआउट काढून वायरी थेट जोडू पाहणाऱ्याचं काम लगेच थांबवा. पुढे थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी उकळत राहतं, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी बसलेला असेल तर टाकी फुटू शकते.

या व्हॉल्व्हबद्दल फार गैरसमज आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की ते सुमारे ३५० मिलिलिटर फुगतं, म्हणून गिझर तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडणं स्वाभाविक आहे. ‘लीकेज’ समजून तिथे प्लग ठोकणारा प्लंबर जीवघेणं काम करतो. गिझर बंद असतानाही धार लागत असेल, तर मात्र लाइनचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह खराब आहे.

शॉक लागत असेल तर साध्या टेस्टरवर विसंबू नका. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत, एवढं तरी मोजून दाखवायला सांगा. कॉइलमधून होणारी विजेची गळती मेगरवर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रावर, नीट कळते. मल्टिमीटरवर ती सुटू शकते. २ किलोवॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. प्लगची पिन काळी पडली असेल तर नुसता प्लग बदलून भागत नाही, सॉकेटही बदलावा लागतो.

पाइपात बघायचं एवढंच: गरम पाण्याला क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, पांढरा यूपीव्हीसी नाही. गिझरच्या तोंडाशी पितळी आट्यांचा जोड हवा. काम झाल्यावर गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत बटण चालू करू देऊ नका. रिकाम्या टाकीत कॉइल जळते. मग घड्याळ लावा. भरलेला २५ लिटरचा, २ किलोवॉटचा गिझर २५ अंशांवरून ६० अंशांवर यायला अर्धा तास, थंडीत पाचेक मिनिटं जास्त.

वाघोली, उंड्री, बावधन या भागांत जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी आहे, तिथे वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढावेत. उघडल्यावर टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड बघायलाच हवा. तो झिजून नुसती तार उरली असेल तर पुढचा गंज टाकीला लागतो. कॉइल परत बसवताना जुनंच गॅस्केट वापरलं तर थोड्याच दिवसांत तिथून पाणी झिरपतं.

सोलरमध्ये खरी परीक्षा होते. सोसायटीत गरम पाणी येईना की बहुतेक जण थेट सोलरच्या काचेच्या नळ्या बदलायला काढतात. जाणकार माणूस आधी गच्चीवर सोलर टाकीतून निघणाऱ्या पाइपाला हात लावतो. तिथे पाणी कढत असेल तर दोष खालच्या लाइनीत आहे. एखाद्या घरात बाथरूमच्या मिक्सर नळाचे गरम-थंड दोन्ही कॉक उघडे आणि पुढचा हँड शॉवर बंद राहिला, की थंड पाणी गरम लाइनीत शिरतं आणि इतर घरांनाही कोमट पाणी मिळतं. उपाय असतो एखादा एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), आणि बिल होतं पंधरा नळ्यांचं! व्हॅक्यूम गेलेली नळी ओळखणं सोपं आहे: टोकाचा चंदेरी भाग पांढरा पडतो. नळी बदलायची ती सकाळी, ऊन तापायच्या आत. तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी गेलं की काच तडकते. सोलर टाकीचा एअर व्हेंट, म्हणजे हवा-वाफ बाहेर सोडणारा पाइप, थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच गेलेला आणि मोकळा हवा. त्यावर कॉक बसवणाऱ्याला सोलर कळलेला नाही.

वॉरंटीत असलेला गिझर कंपनीकडेच द्या, बाहेरच्या माणसाने उघडला तर वॉरंटी जाऊ शकते. त्यानंतर साध्या कॉइल-थर्मोस्टॅटला भागातला परवानाधारक वायरमन बरा. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून सुटा भाग आणला तरी आयएसआयचा शिक्का आणि वॉट जुळतात का ते बघा. मोबाइलवर बुक केलेल्या माणसाकडून जुना भाग परत मागून घ्या आणि बिलावर नव्या भागाचं नाव लिहून घ्या. सोलरला मात्र फक्त सोलरचंच काम करणारा हवा.

गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत बसवायला कुणी तयार झाला, तर त्याच्याकडून कुठलंच काम करून घेऊ नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि आतल्या माणसाला दार उघडायचंही भान उरत नाही.