कुंकुमादी तेल, सहा महिन्यांनंतर: तेलाबद्दल थोडं, ड्रॉपरबद्दल बरंच

दिवाळीच्या सेलमध्ये चेहऱ्याला लावायच्या या आयुर्वेदिक तेलाची 12 मिलीची बाटली 1140 रुपयांना घेतली. म्हणजे मिलीला 95 रुपये. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी चिडचिड या आकड्यातूनच आली आहे. केशर, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, चंदन वगैरे तिळाच्या तेलात बकरीच्या दुधासोबत सिद्ध करतात, हे सगळ्यांना माहीत असेलच. त्यामुळे थेट ड्रॉपरवर येते.

ड्रॉपरची काचेची नळी बाटलीच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. आधी वाटलं, असेल थोडंफार. मग लेकाच्या तापाच्या औषधाची सिरिंज घेऊन बसले. नळीला न लागणारं तेल भरलं दीड मिली! म्हणजे 140 रुपयांहून जास्त किमतीचं तेल तळाशी, नुसतं बघायला. त्याच बैठकीत थेंबही मोजले. एका मिलीत 28, म्हणजे थेंबाला साडेतीन रुपयांच्या आसपास. रात्री तीन थेंब. नवरा म्हणाला, "तू चेहऱ्याला तेल लावतेस की हिशेब?" दोन्ही.

जानेवारीत वरचं रबर फुगलं. तेलाने असं रबर फुगतं, हे तेल विकणाऱ्यांना माहीत नसावं? दाबलं की चपटं ते चपटंच, परत वर येईना. कस्टमर केअरला फोन केला.

"मॅम, तेलात काही इश्यू आहे का?"

"तेल ठीक आहे, ड्रॉपर बिघडलाय."

"मग मॅम, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा."

तेलाच्या बाटलीचा अनबॉक्सिंग व्हिडिओ कोण काढतं हो? तरी फोटो पाठवले, बिल पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं की तोपर्यंत बाटली तिरकी करून वापरावी. तिरकी केली. एका फटक्यात तीसेक रुपये तळहातावर. कोपरांना लावले, आणखी काय करणार.

आता तेलाबद्दल. डिसेंबर-जानेवारीत मी याची भक्त झाले होते, हे कबूल करते. तोंड धुऊन पूर्ण पुसायचं नाही, ओलसर असतानाच तीन थेंब चोळायचे. ओठांच्या कडेची सालं गेली, गाल मऊ झाले, चेहऱ्यावर चकाकी आली. सोसायटीतल्या काकूंनी तर "उजळलीस गं" म्हणूनही घेतलं. उजळले वगैरे काही नाही. कोरड्या कातडीचे सुटलेले पापुद्रे तेलाने बसतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि उजेड नीट परावर्तित होतो. गालावरचा जुना वांग होता तिथेच आहे. त्याला सनस्क्रीन आणि त्वचेचा डॉक्टरच हवा.

आणखी एक भ्रम गेला, तो रंगाचा. तेल लालसर म्हणजे भरपूर केशर, असं मी धरून चालले होते. पण केशराचा रंग देणारं क्रोसिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलाला लाली येते ती मुख्यतः मंजिष्ठेसारख्या वनस्पतींची. तेव्हा लाल रंग बघून केशराचे पैसे मोजू नका.

फेब्रुवारी संपता संपता पुण्यात ऊन वाढलं आणि कपाळावर बारीक पुळ्या आल्या. आईला फोनवर सांगितलं. आई सोलापूरकडची. तिने आधी किंमत विचारली, मग बराच वेळ काही बोललीच नाही. शेवटी म्हणाली, "अगं, करडीचं लाव की. चटणीवर घेतो ते."

करडई! लहानपणी शेतात तिचे काटे हातात घुसवून घेतलेत, बिनकाटेरी वाण आमच्या रानात कधी पोचलंच नाही. गंमत म्हणजे भेसळीच्या केशरात याच करडईच्या वाळक्या पाकळ्या सापडतात. पण थोडं वाचल्यावर आईचं पटलं. साध्या करडईच्या तेलात लिनोलेइक हे स्निग्धाम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं. तिळाच्या तेलात ते चाळीसेक टक्के आणि जवळपास तितकंच ओलेइक हे दुसरं स्निग्धाम्ल. ओलेइक जास्त झालं की ते कातडीचं संरक्षक आवरण सैल करतं. 2013 साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने हे झालेलं दिसलं, लिनोलेइक जास्त असणाऱ्या सूर्यफुलाच्या तेलाने नाही. पॅकबंद करडई घेणार असाल तर 'हाय ओलेइक' लिहिलेली नको.

कोपऱ्यावरच्या लाकडी घाण्यावरून 400 रुपये लिटरने आणलं. मिलीला 40 पैसे. कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघितलं, मग चेहऱ्याला दोनच थेंब. तीनेक आठवड्यांत पुळ्या बसल्या. आता हे तेलाने झालं की मी ते जड तेल बंद केलं म्हणून, सांगता येणार नाही. कुंकुमादीचा तो सुगंध मात्र गेला. याला वास आहे तो शेंगाचटणीच्या ताटाचा. रात्री झोपताना भूक लागते, हा तोटा धरा.

दुसरा तोटा खरा आहे. हे तेल लवकर खवट होतं. ओट्यावर ठेवलेली छोटी बाटली महिन्याभरात वास मारायला लागली, ती दाराच्या बिजागऱ्यांना गेली. आता वीस-वीस मिली काढून घेते, बाकीचं फ्रिजमध्ये. लिटर चेहऱ्यावर संपणार नाहीच, भाकरीबरोबर संपतं.

तर कुंकुमादीला पाचपैकी तीन, ड्रॉपरला शून्य. हिवाळ्यात कोरड्या चेहऱ्याला कुणी भेट दिलं तर घेईन, विकत घेणार नाही.

आणि हो, तळाचं ते दीड मिली. बाटलीत चमचाभर करडईचं तेल ओतलं, खळखळून हलवलं आणि सिरिंजने सगळं ओढून घेतलं. बरेच दिवस पुरलं. तक्रार अजून 'इन प्रोसेस' दाखवतेय.