हॉटेलच्या स्टाफचे युनिफॉर्म, सोलापूरचा कारखाना आणि छातीवरचा मराठी लोगो : माझा अनुभव

आमच्या पोरांच्या अंगावरचे शर्ट बघून हायवेवरचे बरेच हॉटेलवाले विचारतात की हे कुठून करून घेतले, म्हणून एकदा सविस्तरच लिहिते. आमचं हॉटेल पुणे-सोलापूर रोडला टेंभुर्णीजवळ आहे आणि कपडे केले सोलापुरात, पूर्व भागातल्या एका कारखान्यात. खाली कटिंग आणि शिलाई, वरच्या मजल्यावर एम्ब्रॉयडरीची मशिनं, पुढे रस्त्याला लागून छोटंसं दुकान. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर नि टॉवेल आठवतो पण शाळांचे, हॉस्पिटलांचे, कंपन्यांचे युनिफॉर्म शिवणारं हे केवढं मोठं गाव आहे हे अजून आपल्याच भागातल्या लोकांना नीट माहीत नाही.

आधी मुख्य गोष्ट सांगते. युनिफॉर्म चांगला की वाईट हे कापडाच्या आधी पंचिंगवर ठरतं. पंचिंग म्हणजे तुमच्या लोगोचं चित्र घेऊन, सुई कुठून सुरू होणार, कुठल्या दिशेने टाके टाकणार, कुठे दोरा तोडणार, हे सगळं मशिनला कळेल असं कॉम्प्युटरवर बसून आखून देणं. खूप दुकानात हे काम पाच मिनिटात ऑटो मोडवर उरकतात आणि मग लोगो पहिल्या दिवशी बरा दिसतो, दोन-चार धुण्यांनंतर कडेने कापड गोळा झालेलं दिसतं. ह्या कारखान्यातले पंचिंग मास्तर मात्र एकेका अक्षरासाठी बसले, आणि त्यांनी आधी आम्हाला काय काय होणार नाही ते सांगितलं. मला त्यांचं हेच सगळ्यात आवडलं.

आमचा लोगो एका डिझायनरने केलेला, ज्वारीचं कणीस, त्याला पिवळ्यातून सोनेरी आणि सोनेरीतून चॉकलेटी असा शेड, खाली 'श्री'पासून सुरू होणारं हॉटेलचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात टॅगलाईन आणि त्याखाली फोन नंबर. बोर्डवर मस्त दिसतो. कारखान्याचे मालक काका (वयाने मोठे आहेत, सगळे काकाच म्हणतात) फाईल बघून म्हणाले, "ताई, हे पडद्यावर चांगलं दिसतंय ओ, पण दोऱ्याला जाडी असती की. एवढं बारीक अक्षर शिवलं तर नुसता गोळा होतंय बगा." मग त्यांनी टॅगलाईन आणि नंबर छातीवरून काढायला लावला, पाठीवर छपाईत घेतला. कणसाचा शेड काढून तीन रंग ठेवले आणि शेडच्या जागी दाण्यांच्या टाक्यांची दिशा बदलली, त्यामुळे एकाच पिवळ्या दोऱ्यावर उजेड वेगवेगळा पडतो आणि दाणे उठून दिसतात. एक रंग कमी म्हणजे मशिनचा दोरा बदलायचा एक थांबा कमी, काम लवकर होतं, ते वेगळंच.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण मला वाटतं आपल्याकडे लोक इथेच फसतात. इंग्लिश अक्षर साधारण पाच मिलिमीटर उंचीपर्यंत नीट येतं असं धरतात, पण आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे तीच उंची पकडली तर अक्षराच्या अंगाला काही उरतच नाही. 'श्री'मधली श ची गाठ आणि खालची तिरकी रेघ ह्यांच्यामधली पोकळी भरून जाते आणि लांबून नुसता ठिपका दिसतो. मास्तरांनी मात्रा सोडून नुसत्या अक्षराची उंची आठ मिलिमीटरच्या खाली येऊ दिली नाही. गाठी थोड्या उघड्या केल्या. अनुस्वाराचा टिंब मुद्दाम मोठा घेतला, कारण बारीक टिंबात सुई एकाच जागी पुन्हा पुन्हा बसते, मग एक तर दोऱ्याची गाठ होते नाहीतर कापडाला भोक पडतं. आणि शिरोरेघ! प्रत्येक अक्षराची वेगळी शिवली तर जोडांवर फटी दिसतात. त्यांनी अक्षरं आधी शिवून घेतली आणि शिरोरेघ शेवटी, सलग एकाच दमात, साटीन टाक्याने (म्हणजे चिकटून-चिकटून आडवे भरलेले टाके), खाली आधाराचे टाके टाकून. सरळ पट्टीसारखी बसलीये. हॉटेलच्या मराठी नावाची शिरोरेघ लाटेसारखी वरखाली झालेली मला चालणार नव्हती, ते नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं आहे.

आणखी एक, टाके कापडाला ओढतात, त्यामुळे पडद्यावर गोल दिसणारा आकार कापडावर अंड्यासारखा होतो. चांगला पंचिंगवाला हे ओढणं आधीच धरतो आणि त्या बाजूने आकार थोडा फुगवून ठेवतो. म्हणून एकच फाईल सगळ्या कपड्यांना चालत नाही. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला वेगळी, जाड ड्रिलच्या एप्रनला वेगळी, टोपीला तर पूर्ण वेगळी. शिवताना आधाराला कापडाच्या मागे पेपर लावतात, त्याचंही तसंच. ताणणाऱ्या कापडाला फक्त कडेने कात्रीने कापायचा पेपर लागतो, तो लोगोच्या मागे कायम राहतो आणि आधार देतो, फाडून काढायचा पेपर न ताणणाऱ्या घट्ट कापडाला ठीक आहे. आधी एका ठिकाणाहून आम्ही टी-शर्ट घेतले होते त्यात फाडायचा पेपर लावलेला, धुतल्यावर छातीवर कणीस नाही तर चुरगळलेला कागद वाटायचा. दुकानात विचारून बघा कुठला पेपर लावणार, उत्तर आलं नाही तर समजून घ्या.

सॅम्पल ह्यांनी खऱ्या कापडावर दिलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बरेच जण कुठल्यातरी पांढऱ्या चिंधीवर शिवून व्हॉट्सअपवर फोटो टाकतात आणि ओके म्हणा म्हणतात. मी सॅम्पल घरी आणून गरम पाण्यात सोडा टाकून धुतलं, उलटं न करता इस्त्री फिरवली, परत धुतलं. लोगो होता तसा राहिला. दोरा पॉलिएस्टरचा आहे. रेयॉनच्या दोऱ्याला चमक जास्त असते आणि साडी-ब्लाउजवर तो छान दिसतो पण हॉटेलच्या धुण्यात ब्लीच आणि सोडा असतो, तिथे रेयॉन रंग सोडतो. किचनच्या कपड्यावर पॉलिएस्टरचाच दोरा घ्या, ह्यात माझं मत ठाम आहे.

आता कापड. सोलापूर भागातला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, त्यात वेटरला पोटमाळ्यापासून पार्किंगपर्यंत पळायचं असतं. सुरुवातीला स्वस्त पडतं म्हणून पूर्ण पॉलिएस्टरचा ड्राय-फिट टी-शर्ट दाखवला होता, हलका असतो, लवकर वाळतो, सगळं खरं, पण स्वयंपाकाचा वास आणि घामाचा वास त्यात बसतो आणि जात नाही. आम्ही वेटरांसाठी कॉटन जास्त असलेला मॅटीचा (बारीक जाळीदार विणीचा) कॉलर टी-शर्ट घेतला, २२० जीएसएमच्या आसपासचा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन २२० ग्रॅम. १८० च्या पातळ कापडावर सहा-सात हजार टाक्यांचा लोगो जड होतो, खिशाजवळ कापड खाली लोंबतं. म्हणजे कापडाचं वजन आणि टाक्यांची संख्या एकत्रच ठरवायला लागते, आधी टी-शर्ट पसंत करून मग लोगो असं नाही चालत.

भट्टी आणि तंदूरजवळच्या माणसांसाठी मी कोणाचंच ऐकलं नाही, पूर्ण कॉटन ड्रिल, बाह्या कोपरापर्यंत. पॉलिएस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं, टेरिकॉटमध्येही पॉलिएस्टर असतं, त्याला इस्त्री कमी लागते एवढ्यासाठी तो तिथे वापरू नका, हात जोडून सांगते. समोर टिच बटणं लावून घेतली, एका झटक्यात कोट निघाला पाहिजे. काकांनी लगेच मान्य केलं आणि त्यांच्याकडे हॉस्पिटलचे कपडे शिवतात त्यातलीच बटणं वापरली.

रंगावर घरात बराच वाद झाला. दिराला पांढरा शर्ट पाहिजे होता, मोठ्या हॉटेलसारखा. पण आपल्याकडे हळद आहे! हळदीचा डाग साबण किंवा सोडा लागला की लालभडक होतो आणि कॉटनवरून सहजी जात नाही, उन्हात वाळवला तर हळूहळू फिका पडतो एवढंच. शेवटी वेटरांना गडद मरून, किचनला वरती करडा कोट आणि एप्रन मात्र पांढराच, कारण एप्रन मळला की दिसला पाहिजे आणि बदलला पाहिजे. एफएसएसएआयच्या (सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याच्या) नियमातही जेवण हाताळणाऱ्या माणसाला स्वच्छ एप्रन आणि डोकं झाकणं सांगितलेलंच आहे, ते तपासणीच्या दिवसापुरतं नको. मरूनवर पिवळा दोरा फार सुंदर उठतो. करड्यावर तोच पिवळा जरा मेल्यासारखा दिसत होता तर मास्तरांनी शेड कार्ड (दोऱ्यांच्या रंगांचे नंबर असलेला तक्ता) काढून एका नंबरने जास्त गडद दोरा सुचवला. ही नजर सगळ्यांना नसते.

खिशाचं एक सांगायचं राहिलं. तयार शर्टच्या खिशावर एम्ब्रॉयडरी केली तर खिसाच शिवून बंद होतो, म्हणून तयार माल घेऊन लोगो टाकणारे लोक खिशाच्या वर चिकटवल्यासारखा लोगो टाकतात. इथे कटिंग, शिलाई आणि एम्ब्रॉयडरी एकाच छताखाली आहे त्यामुळे कापलेल्या सुट्या खिशावर आधी लोगो, मग खिसा शर्टाला. वेटरला पेन आणि ऑर्डरची वही ठेवायला खिसा उघडा राहिला. एवढ्या एका कारणासाठी सुद्धा मी परत इथेच येईन.

आमच्याकडे भाकरी थापणाऱ्या मावश्या आहेत, सगळ्या साडीवाल्या. त्यांना पुरुषांचे मीडियम-लार्ज एप्रन देऊन चालत नाही, खांद्यावर पदराच्या वर बसत नाही, चुलीसमोर बसताना मध्ये गोळा होतो. कारखान्यात एक शिलाईवाली ताई होती तिने स्वतः एका मावशीला समोर बसवून माप घेतलं आणि दोन्ही बाजूला चीर असलेला, पाठीवर बांधायचा छोटा कोट काढून दिला. बायकांच्या कपड्यावर लोगो पुरुषांपेक्षा जरा वर घ्यायला लागतो, नाहीतर नको तिथे येतो, हे मला सांगावं लागलं नाही, तिनेच खडूने खूण केली. मावश्यांनी कोट घालून सगळ्यात आधी आरशात कणीस बघितलं. साईज सेट मागून घ्या, म्हणजे प्रत्येक मापाचा एक नमुना, सगळ्यांना घालून बघा आणि मग ऑर्डर द्या. कॉटनचं कापड आधी आटवून घेतलंय का तेही विचारा.

तक्रार आहे ती टोप्यांची. टोपी समोरून दोन भाग जोडून केलेली आली, बरोबर मधे शिवण, आणि आमच्या नावाचं मधलं अक्षर त्या शिवणीवर चढून वाकडं झालं. समोरचा भाग अखंड असलेली टोपी पाहिजे होती. काका म्हणाले टोप्या बाहेरून येतात, त्यांच्याकडे शिवत नाहीत. परत केल्या, बदलून मिळाल्या, पण तोपर्यंत पोरं जुन्याच टोप्या घालून फिरली. आणि दिलेली तारीख पाळली नाही, फोन केला की "उद्या येतंय की" हेच उत्तर. कामात एवढी नजर असलेल्या माणसांनी तारखेच्या बाबतीत पण तेवढंच चोख असावं असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

रेट इथे लिहीत नाही, कापडाप्रमाणे आणि संख्येप्रमाणे बदलतो, पण हिशोब कसा लावतात ते सांगते. पंचिंगचे पैसे एकदाच. पुढे प्रत्येक नगाला हजार टाक्यांमागे दर. त्यांच्याकडे बारा हेडचं मशिन आहे, म्हणजे एकाच वेळी बारा कपड्यांवर तोच लोगो शिवतं, मिनिटाला सातशे-आठशे टाके पडतात, म्हणजे आमच्या लोगोच्या एका फेरीला दहा-बारा मिनिटं आणि बारा नग एकदम तयार. म्हणून बाराच्या पटीत ऑर्डर दिली तर ते खुश असतात आणि दर पण बोलता येतो, चार-पाच नगांसाठी मात्र त्यांना सगळं मशिन अडकवायला लागतं. पंचिंगची फाईल मागून घ्या, म्हणजे मशिन वाचतं ती डीएसटी फाईल आणि दोऱ्यांचे शेड नंबर. पैसे तुम्ही दिलेत, फाईल तुमची. ह्यांनी काही न कुरकुरता पेन ड्राईव्हवर टाकून दिली, आधीच्या माणसाने दिली नव्हती म्हणून आम्हाला सगळं परत करायला लागलं. कापडाचा पण शेड आणि लॉट लिहून ठेवा. नवीन पोरगा कामाला लागला की दोन शर्ट लागतात आणि दुसऱ्या लॉटचा मरून शेजारी उभा केला की वेगळा दिसतो, आम्ही म्हणून दर मापाचे थोडे जास्तीचे शिवून कपाटात ठेवलेत.

जायचं असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. एप्रिल ते जून ह्या सगळ्या कारखान्यांत शाळांच्या गणवेशाची गर्दी असते, तेव्हा तुमच्या लोगोला मास्तरांचा निवांत वेळ मिळणार नाही. जाताना लोगोचा मोबाईलवरचा फोटो नको, डिझायनरकडची मूळ कोरलची (कोरलड्रॉ ह्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची) फाईल न्या आणि शक्य असेल तर ज्यांना कपडे घालायचेत त्यातलं एखादं माणूस सोबत न्या.