डॉक्टर होल्डरची रेल आणि तिचे बोल्ट: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

कागद गिरणीत डॉक्टरच्या, म्हणजे फिरत्या रोलाला टेकून त्यावर चिकटलेले खरवडणाऱ्या साधनाच्या, पात्यावर सगळेच बोलतात. पाते कशाचे आहे, किती जाडीचे आहे, किती टिकले. पण ते पाते ज्या होल्डरमध्ये बसते, तो होल्डर बीमला, म्हणजे मशीनवर आडव्या बसवलेल्या आधाराच्या तुळईला, कशाने धरला आहे, हा विषय खरेदीच्या कागदावर ‘नट-बोल्ट सेट’ एवढ्या एका ओळीत उरकला जातो. गेल्या उन्हाळ्यातल्या शटडाऊनमध्ये आम्ही हीच एक ओळ बदलली. पावसाळा, चवथ आणि दिवाळी असे सगळे काढून झाल्यावर आता त्याबद्दल लिहितो आहे. असले सामान घेताना विचारायला कोणी सापडत नाही, ही अडचण मला स्वतःला आली होती.

आमची गिरणी डिचोली तालुक्यात आहे, मशीन क्राफ्ट पेपरचे, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाचे. जुने खोके गाळून त्याचा लगदा करतो, आणि आमच्या कागदाचे पुन्हा खोकेच होतात: गोव्यातल्या औषध कंपन्यांचे, बिअरचे, काजूचे. डेकल, म्हणजे मशीनवरच्या कागदाची रुंदी, जेमतेम तीन मीटरचे. जुन्या खोक्यांबरोबर चिकटपट्टी, गोंद, मेण असे सगळे आत येते आणि प्रेसच्या (ओल्या कागदातले पाणी दाबून काढणाऱ्या रोलांच्या) वरच्या रोलावर व पहिल्या ड्रायरवर (कागद सुकवणाऱ्या गरम सिलिंडरवर) चिकटून बसते. ते खरवडायचे काम डॉक्टरचे. शिवाय कागद तुटला की त्याला रोलाभोवती गुंडाळू न देता खाली सोडायचे, हेही त्याचेच काम. ही दुसरी जबाबदारी जास्त मोठी. ओला कागद रोलावर थरावर थर चढू लागला तर पाते, होल्डर, कधी कधी बीमसुद्धा वाकून बसतो.

निकाल आधीच सांगतो. प्रेसच्या डॉक्टरला आम्ही सरकत्या होल्डरची ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची रेल आणि तिचे स्क्रू बसवले. हा बदल मी कोणालाही डोळे झाकून सुचवेन. पहिल्या ड्रायरला लांबट खाचा आणि बुश असलेला बोल्ट सेट बसवला. तोही चांगला आहे, पण तो बसवणारा माणूस जाणकार हवा. बाकीच्या ठिकाणी जुनेच ठेवले, आणि ते तसेच राहू द्यावे असे माझे मत आहे.

जुनी पद्धत अशी: होल्डरच्या पट्टीला ओळीने गोल भोके, त्यातून एम१० चे (१० मिलिमीटर व्यासाचे) ८.८ ग्रेडचे झिंक चढवलेले बोल्ट थेट बीमच्या आट्यांत, आणि प्रत्येकाखाली स्प्रिंग वॉशर. प्रेसचा डॉक्टर रोलाच्या लांबीच्या दिशेने सतत डावीकडे-उजवीकडे सरकत असतो. तो तसा सरकला नाही तर पाते रोलावर एकाच जागी चरे पाडेल. म्हणजे बोल्टने आवळलेल्या दोन पट्ट्यांना रात्रंदिवस आडवे हेलकावे बसतात. बोल्ट सैल करायचा असेल तर यापेक्षा चांगला उपाय नाही. जर्मन अभियंता गेरहार्ड जंकर यांनी १९६९ मध्ये नेमके हेच दाखवले होते: उभ्या धक्क्यांपेक्षा आडव्या हालचालीने बोल्ट आपोआप फिरून उघडतो. त्यांच्या नावाच्या चाचणीत साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकाव धरत नाही. आमच्याकडेही धरत नव्हता. तपासणीला गेले की कुठला ना कुठला बोल्ट हाताने फिरायचा. बाकीचे इतके गंजलेले असायचे की डोक्याचे कोपरेच जायचे, पाना लागायचाच नाही. मग रबरी रोलाच्या अंगाला गॅस कटर लावायचा. ते करताना रोलावर ओले गोणपाट टाकून चार माणसे पाण्याची नळी धरून उभी असायची.

नव्या सेटमध्ये रेल बीमला पक्की बसते आणि होल्डर तिच्या टी-खाचेत टेंडिंग साइडने, म्हणजे मशीन चालवणारे उभे राहतात त्या बाजूने, आत सरकतो. रेल धरणारे स्क्रू सॉकेट हेडचे, एम१२, ए४-७० (३१६ जातीच्या स्टेनलेस बोल्टांची ग्रेड). एम१० च्या जागी एम१२ का, हे समजून घेण्यासारखे आहे. ८.८ च्या बोल्टची यील्ड (ज्या ताणापुढे बोल्ट कायमचा ताणला जातो तो) ६४० मेगापास्कल, ए४-७० ची ४५०. स्टेनलेस म्हणजे जास्त मजबूत असा सर्रास समज आहे, आणि तो इथे उलटा पडतो. एम१० चे ताण घेणारे क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर, एम१२ चे ८४.३. गुणाकार करून पाहा: दोन्हींची ताकद जवळपास सारखी येते. त्याच मापाचा बोल्ट स्टेनलेसमध्ये घेऊन जुन्याच टॉर्कवर (पिळण्याच्या जोरावर) आवळला, तर तो ताणला जाऊन बसेल आणि कोणाला कळणारही नाही. बीमची भोके मोठी करताना फायदाच झाला. एम१२ च्या आट्यांसाठी १०.२ मिलिमीटरचे ड्रिल लागते, त्यामुळे एम१० चे जुने झिजलेले आटे पूर्ण निघून गेले आणि स्वच्छ धातूत नवे आटे पडले.

स्प्रिंग वॉशरच्या जागी दुहेरी वेज वॉशर आले. दोन चकत्यांच्या आतल्या बाजूला उतरते दात असतात. बोल्ट उलटा फिरू लागला की चकत्या एकमेकींवर चढतात आणि बोल्टमधला ताण वाढतो, म्हणून तो सुटू शकत नाही. पानाने उघडताना टक-टक आवाज येतो. तो आला की चकत्या शाबूत आहेत असे समजायचे. दिवाळीच्या बंदच्या वेळी होल्डर बाहेर ओढून आम्ही रेलचा प्रत्येक स्क्रू टॉर्क रेंचने तपासला. एकही हलला नव्हता.

गंजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गोव्यात त्याला दुहेरी बळ मिळते. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की स्टोअरमध्ये खोक्यात ठेवलेले साधे बोल्टही लाल पडतात. मशीनच्या आत तर तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतो, त्यामुळे त्यातले क्लोराइड साठत जाते. ३०४ स्टेनलेसला अशा पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेवढ्यानेच मोठा फरक पडतो. दोन्ही स्टेनलेस दिसायला सारखेच, आणि लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, हे खरेदी खात्याला आवर्जून सांगावे. बोल्टच्या डोक्यावर ए४ हा शिक्का पाहावा, आणि आलेल्या मालातला एखादा नग मॉलिब्डेनमच्या थेंब-चाचणीने तपासावा. आमचा पहिला लॉट घाटावरून आला तेव्हा लॉकिंग पिना ३०४ च्या निघाल्या, आणि त्या याच चाचणीत सापडल्या. पुरवठादाराने कुरकुर न करता बदलून दिल्या, पण तपासले नसते तर त्या तशाच बसल्या असत्या.

साध्या पोलादाच्या बीममध्ये स्टेनलेसचा स्क्रू चालतो का, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. चालतो. दोन धातूंच्या भांडणात साधे पोलाद झिजते, पण इथे पोलादाचा पृष्ठभाग मोठा आणि स्टेनलेसचा लहान, त्यामुळे झीज पसरून जाते. उलटे मात्र कधी करू नये. स्टेनलेसच्या बीमला साधा बोल्ट लावला तर सगळा मार त्या एवढ्याशा बोल्टवर येतो.

स्टेनलेसच्या आट्यांचा एक दुर्गुण आहे: ते एकमेकांना चिकटून जाम होतात. त्यातून न्यूमॅटिक गनने भरभर फिरवले तर आटे तापतात, स्क्रू अर्ध्यातच अडकतो, आणि पुढे जोर लावला की तुटतो. म्हणून आमच्याकडे या रेलजवळ गन न्यायचीच नाही असा नियम आहे. हातपाना, आट्यांना अँटी-सीझ पेस्ट, आणि आवळायचा टॉर्क तोच, जो पेस्ट लावलेल्या आट्यांसाठी दिलेला असतो. साधे ग्रीस मशीनवरच्या शॉवरच्या (पाण्याच्या फवाऱ्यांच्या) पाण्याने धुऊन जाते.

आता ज्या कारणासाठी मी हा खर्च मागितला होता ते सांगतो. जुन्या पद्धतीत होल्डर काढायचा म्हणजे फिटरने दोन रोलांच्या मधे कमरेपर्यंत वाकून, पोट बीमवर टेकवून, हात लांब करून मधले बोल्ट उघडायचे. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर वापरून वापरून वस्तऱ्यासारखी झालेली पात्याची कड. खाली ओला चिकट लगदा, पाय सरकणारा. आमच्या एका जुन्या फिटरच्या तळहातावर अशाच कामात झालेल्या जखमेचा वळ आहे. मशीन बंद, कुलूप लावलेले, हातमोजे घातलेले, सगळे नियम पाळून झालेली जखम. काम ज्या जागी करायचे ती जागाच वाईट होती. आता टेंडिंग साइडला लॉकिंग बोल्ट काढायचा, हवेची नळी सोडायची, आणि दोघांनी अख्खा होल्डर पात्यासकट ओढून बाहेर स्टँडवर ठेवायचा. पाते बदलणे, पट्टी धुणे, फटीत साचलेले काढणे, सगळे उजेडात उभे राहून. त्या फिटरने पहिल्यांदा होल्डर ओढून बाहेर काढला आणि म्हणाला, “साहेब, हे आधी का नाही केले?” माझ्या दृष्टीने सगळे पैसे त्याच दिवशी वसूल झाले.

या सोयीला जागा लागते, हे आधी मोजून घ्या. तीन मीटरचा होल्डर बाहेर यायचा तर टेंडिंग साइडला तेवढी मोकळी गल्ली हवी. आमच्याकडे वाफेच्या पाइपाचा एक आधार आडवा येत होता, तो हलवावा लागला. पुरवठादाराच्या ड्रॉइंगवर हे कधीच लिहिलेले नसते.

तक्रारी दोन. पहिली टी-खाचेबद्दल. तिच्यात बारीक तंतू आणि फिलर (कागदातली खनिज पूड) शिरतात, आणि मशीन दोन-तीन दिवस बंद राहिले की ते सुकून लाकडासारखे घट्ट होतात. चवथीच्या सुट्टीनंतर होल्डर जागचा हलेना. गरम पाणी सोडून, पितळी पट्टीने खरवडून मोकळा करावा लागला. आता बंद करण्याआधी खाच उच्च दाबाच्या पाण्याने धुतल्याशिवाय कोणी घरी जात नाही. रेलच्या टोकांना दिलेली प्लास्टिकची झाकणे पहिल्याच महिन्यात निघून पडली. त्यांच्या जागी आम्ही रबरी पट्टी कापून स्क्रूने बसवली, ती टिकली आहे.

दुसरी तक्रार लॉकिंग पिनेची. होल्डर रेलमध्ये फक्त टेंडिंग साइडला अडकवलेला असतो, त्यामुळे सरकण्याचा प्रत्येक झटका त्या एका पिनेवर येतो. पहिल्या डिझाइनमधली पिन बारीक होती आणि काही आठवड्यांत तिचे भोक अंडाकृती झाले. हालचालीच्या प्रत्येक टोकाला बारीक ‘टक्’ ऐकू येऊ लागला, म्हणून वेळीच कळले. तिच्या जागी खांदा असलेला जाड बोल्ट आणि घट्ट बुश बसवल्यापासून आवाज नाही. नवीन घेणाऱ्याने तोच मागावा.

ड्रायरची गोष्ट वेगळी. तिथे शत्रू उष्णता आहे. होल्डर स्टेनलेसचा, बीम साध्या पोलादाचा. पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढते, स्टेनलेस १६. तीन मीटर लांबी आणि ५० अंशांची वाढ धरली तर पोलाद १.८ मिलिमीटर वाढेल आणि स्टेनलेस २.४. बीम मागे, थोडा थंड, म्हणून प्रत्यक्षात फरक आणखी जास्त. गोल भोकांतून सगळे बोल्ट करकचून आवळले की या वाढीला जायला जागाच नसते, आणि होल्डर दोन बोल्टांच्या मधे फुगतो. हे आम्हाला पात्यानेच दाखवले. उतरवलेले पाते टेबलावर आडवे ठेवून घासलेल्या कडेची रुंदी पाहत गेलो तर ती लाटेसारखी कमी-जास्त होत होती, आणि लाटांचे अंतर बोल्टांच्या अंतराशी तंतोतंत जुळत होते. चिकटा राहून जात होता तोही त्याच पट्ट्यांमध्ये.

नव्या सेटमध्ये मधोमध एकच घट्ट डॉवेल (जागा पक्की करणारी खुंटी), बाकी सगळीकडे लांबट खाचा आणि प्रत्येक खाचेत एक बुश (बोल्टभोवतीची धातूची नळी). बुश पट्टीच्या जाडीपेक्षा केसभर उंच असतो. बोल्ट बुशवर आवळला जातो आणि पट्टी वॉशरखालून दोन्ही बाजूंना सरकायला मोकळी राहते. जाणकार माणूस हवा म्हटले ते यासाठी. एखादा बुश कमी उंचीचा बसला, किंवा कोणी ‘ढिला दिसतोय’ म्हणून मधे जास्तीचा वॉशर घातला, की तिथे पट्टी पुन्हा जाम. आम्ही प्रत्येक बोल्टपाशी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिले. आताच्या पात्यांची कड टोकापासून टोकापर्यंत सारखी घासलेली निघते.

पुढच्या ड्रायरांवर खर्च केला नाही. तिथे कागद जवळपास सुकलेला, चिकटा कमी, डॉक्टर फक्त कागद गुंडाळू नये म्हणून. साधे बोल्ट वेळेवर बदलले तर पुरे आहेत. आणि बीमच वाकलेला असेल तर कुठलीही रेल घेऊ नका. आधी पियानो वायर ताणून बीमचा सरळपणा तपासा. वाकड्या बीमला सरळ रेल आवळली की रेलही वाकडी होते, आणि मग लोक रेलला दोष देतात. आमचा बीम मधे थोडा खोल होता, तिथे स्टेनलेसचे शिम (उंची भरून काढणारे पातळ पत्रे) घातले आणि मगच रेल आवळली.

सुट्या भागांचे म्हणाल तर रेलचे स्क्रू बाजारात मिळतात, वेज वॉशर मागवावे लागतात, खांद्याचा बोल्ट आणि बुश मात्र ड्रॉइंग देऊन करून घ्यावे लागतात. पावसात चोर्ला घाटात दरड आली की बेळगावची गाडी अडते, म्हणून खांद्याचे बोल्ट, बुश आणि खाचेच्या प्लास्टिक पट्ट्या यांचा एक पूर्ण संच मे महिन्याच्या आतच स्टोअरमध्ये आणून ठेवायला मी सांगितले आहे. पुढच्या शटडाऊनमध्ये दुसऱ्या प्रेसलाही हीच रेल बसेल. गल्ली मोजून झाली आहे.