बदलापूर की चिपळूण? पहिलं घर घेणाऱ्या कोकणी कुटुंबासाठी

मुंबईत भाड्याने राहणाऱ्या अनेक कोकणी कुटुंबांचा घराचा हिशोब याच दोन नावांवर येऊन अडतो. चर्चा मात्र फक्त चौरस फुटाच्या भावाची होते. मी आधी विचारेन, पुढची पंधरा वर्षं त्या इमारतीत तुमच्याबरोबर कोण राहणार आहे?

जनगणना बघा. 2001 ते 2011 या काळात कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या साधारण 98 हजारांवरून 1 लाख 74 हजारांवर गेली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची मात्र 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर घसरली, आणि तिथे दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. बाप्ये गेले कुठे? त्यातले काही सकाळच्या बदलापूर लोकलला लटकलेले सापडतील.

बदलापुरात शेजारी म्हणजे कर्जाचे हप्ते फेडणारी तरुण जोडपी. मुलांना सोबती मिळतात, फ्लॅट भाड्याने जातो, विकायला काढला तर गिऱ्हाईक येतं. किंमत मोजायची ती प्रवासात. सीएसएमटी 68 किलोमीटर, म्हणजे एका बाजूचा दीड तास, आणि तोही बहुधा उभ्याने. कारभार अजून नगरपरिषदेचा आणि माणसं शहराएवढी, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी किती तास येतं ते बिल्डरला नको, तिथल्या रहिवाशांना विचारा.

चिपळूणचं गणित उलटं आहे. आजूबाजूच्या गावांतली वयस्कर माणसं दवाखान्यासाठी आणि सुना-मुलं शाळा-कॉलेजसाठी इथे येतात. डेरवणचं वालावलकर रुग्णालय तालुक्यातच आहे, डीबीजे कॉलेज गावात. लोट्याच्या एमआयडीसीमुळे भाडेकरूही मिळू शकतो. पण मुंबईकरांनी घेऊन ठेवलेले फ्लॅट गणपती-शिमग्याला उघडतात आणि पुन्हा कुलूपबंद होतात. अशा इमारतीत लिफ्ट बिघडली की वर्गणीसाठी सगळ्यांना मुंबईला फोन लावावे लागतात, आणि जिना चढायची वेळ येते ती मागे राहिलेल्या सत्तरीच्या काकूंवर. म्हणून चिपळूणला फ्लॅट बघायला सणात जाऊ नका. जुलैतल्या एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी जा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा.

नियमांतही फरक आहे. चालू बांधकामातल्या परवडणाऱ्या घराला 1 टक्का जीएसटी लागतो, एरवी 5. दोन्हीकडे किमतीची मर्यादा 45 लाख. पण बदलापूर मुंबई महानगर प्रदेशात मोडत असल्याने तिथे कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ, 60 चौरस मीटरपर्यंतच चालतं, चिपळूणला 90 पर्यंत. उलट, आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी बंधनकारक नसते, आणि लहान गावात अशा इमारती खूप. तिथे ताबा रखडला तर महारेराचा आधार धरू नका. प्रधानमंत्री आवास योजनेची एक अट तर कोकणी माणसाला हमखास नडते: कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. गावचं घर वडिलांच्या मागे तुमच्या नावावर चढलंय का, हे ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीचा उतारा, काढून आधीच तपासा.

पुराच्या बाबतीत दोघांची बरोबरी. 27 जुलै 2019 ला उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. पूररेषेचा नकाशा दोन्हीकडे बघायलाच हवा. त्यातल्या निळ्या रेषेच्या आतली, म्हणजे नदीलगतच्या जास्त धोक्याच्या पट्ट्यातली, जुनी इमारत स्वस्त मिळते खरी, पण उद्या ती पाडून नवी बांधायची म्हटली की परवानगीपाशीच गाडं अडू शकतं.

माझं मत विचाराल, तर नोकरीची दहाहून जास्त वर्षं शिल्लक आणि मुलं शाळेत असतील तर बदलापूर, तेही स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. रिक्षाचा रोजचा खर्च स्वस्त फ्लॅटची सगळी बचत खातो. निवृत्ती चार-पाच वर्षांवर असेल किंवा आई-वडील गावी एकटे असतील, तर चिपळूण. मात्र आधी वर्षभर तिथे भाड्याने राहा, पावसाळ्यासकट. आणि बदलापूरला राहायचं पण चिपळूणला ‘गुंतवणूक’ म्हणून घेऊन ठेवायचं, हा तिसरा बेत मनात असेल, तर तो सोडा. त्या इमारतीत आणखी एका कुलपाची भर पडेल, एवढंच.