खासगी प्रॅक्टिससाठी वर्डप्रेस: नाशिकमधल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा अनुभव

एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या मानसतज्ज्ञाने स्वतःच्या नावाची, मराठीतली, चार-पाच पानांची साधी वेबसाइट करावी आणि ती वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर करावी, असं माझं पक्कं मत झालं आहे. नवे क्लायंट मिळतात, ते आहेच. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की, समोर येऊन बसणारा माणूस आता कमी घाबरलेला असतो. कुठे आलोय, इथे काय होणार, किती पैसे लागणार, हे त्याने घरीच वाचलेलं असतं.

माझं क्लिनिक गंगापूर रोडला आहे. एक खोली, बाहेर चार खुर्च्या, मदतनीस नाही. क्लायंट शहरातले असतात, तसे सिन्नर, निफाड, मालेगाव, सटाण्याकडूनही येतात. वेबसाइट होण्याआधी सगळं फोनवर चालायचं आणि सेशन चालू असताना मी फोन उचलत नाही. आमच्या क्षेत्रात असा न उचललेला फोन ही लहान गोष्ट नाही. महिनोन्‌महिने मनात घोळवून, घरात कुणी जवळ नाही असं बघून, एखाद्या बाईने गच्चीवर जाऊन तो नंबर लावलेला असतो. पलीकडून उत्तर आलं नाही तर ती पुन्हा लावेलच असं नाही. उचललेल्या फोनवरचे प्रश्न बहुतेक ठरलेले. मॅडम, तुम्ही गोळ्या देता का? किती वेळा यावं लागेल? नवऱ्याला न सांगता दारू सोडवता येईल का? मुलाला दुसरंच काहीतरी सांगून आणलं तर चालेल का? यातला एकही प्रश्न चुकीचा नाही, पण दोन सेशनच्या मधल्या दहा मिनिटांत कुणालाच नीट उत्तर देता येत नाही.

काही काळ मी एका थेरपी अ‍ॅपच्या यादीत नाव दिलं होतं. नाव लिहीत नाही. माझ्या फोटोशेजारी ‘पहिल्या सेशनवर सूट’ अशी पट्टी मला न विचारता लागली, क्लायंटशी होणारं चॅट त्यांच्याकडे साठत राहिलं आणि यादीतून बाहेर पडल्यावर कुणाशीही संपर्क करायची वाट उरली नाही. ज्या नात्यावर आमचं काम उभं असतं, ते तिसऱ्याच्या हातात देऊ नये, हे तेव्हा ठरलं.

वर्डप्रेस हे २००३ पासून असलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं. पैसे लागतात ते डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याला, आणि होस्टिंगला, म्हणजे ती इंटरनेटवर जिथे ठेवली जाते त्या जागेला. माझं डोमेन वर्षाला हजाराच्या आत पडतं आणि होस्टिंग चार-पाच हजारांत. सुरुवातीची मांडणी ओळखीतल्या एका मुलीने करून दिली, तिचे पैसे वेगळे. त्यानंतरची पानं मी स्वतः लिहिते, कधी कधी मोबाइलवरूनच. आतला सगळा कारभार मराठीतही करता येतो. फक्त वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग यांतला फरक आधी समजून घ्या. पहिली तयार सेवा आहे, दुसरीकडून सॉफ्टवेअर घेऊन आपण निवडलेल्या होस्टिंगवर बसवायचं असतं. मी दुसरा मार्ग घेतला, कारण उद्या होस्टिंग कंपनी बदलावीशी वाटली तर सगळा बाडबिस्तरा उचलून नेता येतो.

सगळ्यात जास्त वाचलं जातं ते ‘पहिल्या भेटीत काय होतं’ हे पान. त्यासाठी मी सर्वाधिक वेळ दिला आणि तो सत्कारणी लागला. त्यात लिहिलं आहे की, सेशन ५० मिनिटांचं असतं, पहिलं थोडं लांबतं. सोबत आई, नवरा, भाऊ कुणी आलं तरी हरकत नाही, पण थोडा वेळ मी तुमच्याशी एकट्याशी बोलेन. रडू आलं तर थांबवायची गरज नाही. सगळं पहिल्याच दिवशी सांगायला हवं असंही नाही. मी औषधं देत नाही. गरज वाटली तर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवते आणि मग आम्ही दोघं मिळून काम करतो. माझी नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, आहे आणि नोंदणी क्रमांक त्याच पानावर आहे. कोणीही दोन शब्द बोलून समुपदेशक म्हणवून घेतो अशा काळात हा क्रमांक ठळक छापणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

गोपनीयतेबद्दल मी तिथे सविस्तर लिहिलं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्याचबरोबर मर्यादाही लिहिल्या आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. आणि पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मला पोलिसांपर्यंत न्यावीच लागते. हे समोरासमोर पहिल्या भेटीत सांगताना माणूस आक्रसून जातो; घरी शांतपणे वाचून, विचार करून आला की विश्वास उलट वाढतो. वाचून आलेले क्लायंट स्वतःच विचारतात, ‘ते मर्यादांचं लिहिलंय, ते माझ्या बाबतीत कसं?’ इतका नेमका प्रश्न पहिल्याच भेटीत येणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

दुसरं चालणारं पान छातीतल्या धडधडीचं. गुगलच्या सर्च कन्सोल नावाच्या फुकट साधनात लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचले ते दिसतं. कोण माणूस, ते दिसत नाही. तिथे मला ‘पॅनिक अ‍ॅटॅक’पेक्षा ‘ईसीजी नॉर्मल तरी धडधड’ आणि ‘रात्री दचकून जाग येते’ अशा धर्तीचे शोध जास्त दिसले. लोक आजाराचं नाव शोधत नाहीत, अंगाला काय होतं ते शोधतात. मग मी पान त्याच भाषेत लिहिलं: हात थंड पडणं, श्वास अपुरा वाटणं, आता मरणार असं वाटणं, हृदयाच्या डॉक्टरांनी सगळं ठीक आहे सांगूनही भीती न जाणं. पहिल्यांदा असं झालं तर आधी डॉक्टरांना दाखवाच, हेही सुरुवातीलाच आहे. आता ओळखीतले फॅमिली डॉक्टर त्या पानाची लिंक आपल्या पेशंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात.

फी मी उघड लिहिली आहे, आणि परवडत नसेल तर सांगा, आठवड्यातल्या काही वेळा त्यासाठी राखून ठेवल्या आहेत, असंही लिहिलं आहे. सेशन रद्द करायचं तर २४ तास आधी कळवावं, हा नियमही तिथेच. पूर्वी याच गोष्टींवर बोलताना दोन्ही बाजूंना अवघडायचं. आता पैशाचं बोलणं दोन वाक्यांत संपतं.

मराठीसाठी म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. वर्डप्रेस पानाचा पत्ता शीर्षकावरून तयार करतं. शीर्षक देवनागरीत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवताना त्या पत्त्याची टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना ती लिंक फसवणुकीची वाटते. प्रत्येक पानाचा पत्ता आपण हाताने, रोमन अक्षरांत, छोटा लिहावा. अक्षरांसाठी मी ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फुकट फॉन्ट घेतला. त्यात आपल्या वळणाचे ल आणि श येतात. ज्यांना लांब मजकूर वाचायचा कंटाळा, त्यांच्यासाठी पहिल्या भेटीचं पान मी माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून लावलं. सटाण्याकडच्या एका आजींना नातवाने ते ऐकवलं आणि त्या आल्या. अहिराणीतही रेकॉर्ड करायचं मनात आहे, ती बोलणारी एक मैत्रीण तयार आहे.

आता काळजीचा भाग, ज्याकडे वेबसाइट करून देणारे लक्ष देत नाहीत. त्यांना दुकानाची वेबसाइट आणि थेरपिस्टची वेबसाइट सारखीच वाटते. संपर्काच्या फॉर्ममध्ये ‘तुमची समस्या लिहा’ असा मोठा चौकोन ठेवायचा त्यांचा आग्रह असतो. मी तो ठेवू दिला नाही. नाव (खरं नाव हवंच असं नाही), फोन नंबर, कोणत्या वेळी फोन करू आणि ‘फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू’, एवढंच विचारते. हा शेवटचा प्रश्न प्रत्येक थेरपिस्टने ठेवावा. फॉर्मची बरीच प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर) आलेला प्रत्येक मजकूर वेबसाइटच्या डेटाबेसमध्येही साठवतात. ती सोय बंद करून घ्यावी. लेखांखालच्या कमेंट्सही वर्डप्रेसमध्ये सुरुवातीला उघड्या असतात, त्या बंद कराव्यात, नाहीतर कुणीतरी स्वतःच्या नावानिशी आपली कहाणी जगासमोर लिहून बसेल.

जाहिरातींसाठी फेसबुकचा ट्रॅकिंग कोड, म्हणजे वेबसाइटवर कोण काय बघतं ते फेसबुकला कळवणारा कोड, लावा, असा सल्ला हमखास मिळतो. लावू नका. अमेरिकेतल्या ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन थेरपी कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये नेमका हाच ठपका ठेवला होता की, लोकांची आरोग्याशी जोडलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंकडे गेली. कंपनीला ७८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. नैराश्यावरचं पान कुणी वाचलं, हे त्या माणसाखेरीज कुणालाही कळता कामा नये.

क्लायंटचे अभिप्रायही माझ्या वेबसाइटवर नाहीत. उपचार चालू असलेल्या माणसाला ‘चांगलं लिहा’ म्हणणं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं; अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तशी स्पष्ट मनाई आहे आणि ती मला पटते. गुगल मॅप्सवर लोक आपणहून लिहितात, तिथे मी ‘धन्यवाद’सुद्धा लिहीत नाही, कारण त्या एका शब्दाने तो माणूस माझा क्लायंट आहे हे जाहीर होतं.

घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठीच्या पानावर ‘लगेच बाहेर पडा’ असं बटण आहे, दाबलं की हवामानाचं पान उघडतं. ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवरही अशी सोय असते. मात्र ब्राउझरच्या हिस्टरीत आधीचं पान राहतंच, म्हणून हिस्टरी कशी पुसायची तेही त्या पानावर सोप्या शब्दांत दिलं आहे. आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक पट्टी: ही तातडीची सेवा नाही, आत्ता जीव नकोसा वाटत असेल तर टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. ती पट्टी नसलेली थेरपिस्टची वेबसाइट मी कुणालाही पाठवत नाही.

वर्डप्रेसला देखभाल लागते, हे मान्य करायला हवं. सॉफ्टवेअर, थीम, प्लगिन सगळं वेळच्या वेळी अपडेट करावं लागतं, बॅकअप घ्यावा लागतो. जुनी पडलेली प्लगिन ही चोरवाट असते. म्हणून प्लगिन मोजकीच ठेवावीत. रविवारी सकाळी थोडा वेळ मी त्याला देते. हे ज्याला जमणार नाही, त्याने महिन्याचे पैसे देऊन ते काम कुणाकडे सोपवावं किंवा तयार सेवाच घ्यावी. नुकती प्रॅक्टिस सुरू केलेल्यांनी तर ‘पहिली भेट’, ‘फी आणि वेळा’, ‘संपर्क’ एवढ्या तीनच पानांवर सुरू करावं. ऑनलाइन अपॉइंटमेंटचं कॅलेंडर मी मुद्दाम लावलेलं नाही. पहिल्यांदा येणाऱ्याचा आवाज मला ऐकायचा असतो.

काम कुणालाही द्या, डोमेन मात्र तुमच्या नावावर, तुमच्या ई-मेलवर आणि तुमच्याच पैशाने नोंदवून घ्या, आणि होस्टिंगचा पासवर्ड पहिल्याच दिवशी मागून घ्या. करून देणाऱ्याच्या खात्यावर डोमेन ठेवलं आणि पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं, तर डॉक्टरांकडे, शाळांकडे, क्लायंटकडे पोहोचलेला तुमचा पत्ता एका रात्रीत बंद पडू शकतो.