डिशवॉशर, आठ महिन्यांनंतर: वाटीच्या बुडातलं चमचाभर पाणी

रोज एक फेरी, म्हणजे आतापर्यंत २४० च्या आसपास फेऱ्या झाल्या. धुण्याबद्दल तक्रार नाही. करपलेली कढई ७० अंशांच्या प्रोग्रॅमवर निघते, चहाचं पातेलं निघतं, हळदीचा पिवळेपणा स्टीलवर राहत नाही. हे लिहायचं कारण वाळणं. गेल्या महिन्यात भांडी एकाएकी फारच ओली निघायला लागली. सर्व्हिसला आलेल्या माणसाने झाकण उघडून बघायच्या आधीच 'हीटर गेलाय, बदलावा लागेल' असं सांगून खर्चाचा आकडा दिला. तो खर्च केला नाही, आणि तुमच्याकडेही हेच सांगितलं तर लगेच हो म्हणू नका.

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये भांडी वाळवणारा वेगळा हीटर नसतोच. तळाशी पंपाजवळ एक हीटर असतो, तो फक्त पाणी तापवतो. शेवटी गरम पाण्याने विसळताना भांडी तापतात, पाणी निघून जातं, भांड्यांच्या स्वतःच्या उष्णतेवर वाफ होते आणि ती वाफ थंड भिंतींवर जमून खाली ओघळते. म्हणून हीटरची तपासणी घरीच होते. शेवटचं विसळणं संपून पंप थांबला की तोंड बाजूला ठेवून दार सावकाश उघडा. वाफेचा लोट आला आणि स्टीलचं ताट हातात धरवेना, तर हीटर ठणठणीत आहे. ताट कोमट असेल तरच हीटर किंवा तापमानाच्या सेन्सरकडे बघायचं.

खरा दोष रिन्स एडच्या, म्हणजे भांडी लवकर वाळावीत म्हणून शेवटच्या विसळण्यात सुटणाऱ्या द्रवाच्या, टाकीत निघाला. टाकी भरलेली होती, पण पातळी तीन आठवडे हललीच नव्हती. बाहेर पडण्याच्या भोकाशी जुना द्रव सुकून घट्ट झाला होता. टाकी भरलेली असल्यामुळे 'संपलं' दाखवणारा दिवा अर्थातच लागत नाही. या मशीनमध्ये साबणाच्या वडीचं झाकण उघडणारा आणि रिन्स एड सोडणारा भाग एकच आहे. वडी वेळेवर पडत होती, म्हणजे तो भाग चालू होता, अडथळा पुढे होता. गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाने आणि मऊ ब्रशने भोक मोकळं झालं, खर्च शून्य. तेव्हापासूनची सवय अशी: टाकी भरली की तारीख लिहून ठेवायची. मात्रेची सेटिंग मधल्या आकड्यावर असली की एका फेरीला ३ मिलीच्या आसपास जातं, म्हणजे १०० मिलीची टाकी महिनाभर पुरते. महिना उलटूनही भरलेली दिसली तर भोक तपासा. ५०० मिलीची बाटली रोजच्या वापरात पाच महिने चालते, तेव्हा इथे काटकसर करण्यात काहीच हशील नाही.

'ऑल इन वन वडीत सगळं असतं, वेगळं रिन्स एड कशाला' असं पहिल्या दोन महिन्यांत माझंही मत होतं. ते मागे घेतो. वडीतला तो भाग मुख्य धुण्यातच विरघळतो आणि बराचसा त्या पाण्याबरोबर निघून जातो. शेवटच्या विसळण्याला जे हवं ते टाकीतूनच येतं. रिन्स एडमुळे पाण्याचा ताण कमी होतो, थेंब गोळा न होता पातळ पडद्यासारखं पाणी ओघळतं. काचेवर सुटे थेंबांचे डाग दिसले तर मात्रा एक आकड्याने वाढवा. निळसर, इंद्रधनुषी थर किंवा फेस दिसला तर कमी करा. टाकीत व्हिनेगर घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. घालू नका. त्यात पाणी पसरवणारा घटक नाही आणि आम्ल रोज रबराच्या सीलला लागत राहतं.

पांढरे डाग हा निराळा विषय. डागावर लिंबू चोळा. गेला तर तो क्षार, म्हणजे पाणी मऊ करण्यासाठी मशीनमध्ये घालायचं मीठ आणि त्याची सेटिंग बघायची. पुण्यात पालिकेचं धरणाचं पाणी मऊ असतं, बोअरचं किंवा टँकरचं आलं की गणित बदलतं. टीडीएस मीटरचा आकडा (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून) म्हणजे पाण्याचा जडपणा नव्हे, त्यासाठी जडपणाची पट्टीच वापरा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे हे मशीन मला अजून पूर्ण पटलेलं नाही: वाटीचं बूड. आपल्या स्टीलच्या वाट्या, पेले, डबे यांचं बूड आत दबलेलं असतं. वाटी उपडी ठेवली की तिथे चमचाभर पाणी साठतं, आणि वरची जाळी बाहेर ओढताना ते खालच्या कोरड्या ताटांवर सांडतं. हे पाणी कुठल्याच प्रोग्रॅमने वाळणार नाही. हिशेब करून बघा. ६० ग्रॅमची स्टीलची वाटी ६५ अंशांवरून ४५ पर्यंत निवताना साधारण ०.६ किलोज्यूल उष्णता देते. तेवढ्यात पाव ग्रॅम पाण्याची वाफ होते. बुडात आहे ५ ग्रॅम. अर्ध्या किलोची चिनी मातीची ताटली तेवढ्याच फरकात साडेतीन ग्रॅम उडवू शकते. जाहिरातीतली भांडी चकचकीत कोरडी का दिसतात आणि आपल्या वाट्या का नाहीत, याचं उत्तर इथे आहे. ही यंत्रं जाड, जड, सपाट बुडाच्या भांड्यांसाठी आखलेली आहेत. कंपनीने आपल्याकडच्या जाळीत वाट्या तिरक्या धरणारे दाते द्यायला हवे होते. कढईसाठी वेगळा प्रोग्रॅम देता, मग वाटीचा विचार का नाही?

तोवर उपाय मांडणीचाच. वरच्या जाळीतले दाते उभे करा आणि वाटी उपडी न ठेवता दोन दात्यांमध्ये कललेली ठेवा, किमान ३० अंश, तोंड खाली आणि आतल्या बाजूला. पेलेही कडेच्या आधाराने तिरके. वाट्या एकमेकींत बसता कामा नयेत, दोन स्टीलच्या भांड्यांच्या मधलं पाणी सकाळपर्यंत तसंच राहतं. ताटांमध्ये एक खाच मोकळी. चमचे थोडे दांड्यावर, थोडे तोंडावर उभे करा म्हणजे एकात एक चिकटत नाहीत. कुकरची रिंग आणि शिट्टी काढूनच झाकण ठेवा. प्लास्टिकचे डबे वरच, आणि ते पुसावेच लागतील: पाणी त्यांच्यावर पसरत नाही, गोळा होतं. भांडी काढताना आधी खालची जाळी, मग वरची.

'एक्स्ट्रा ड्राय' बटणाने शेवटचं पाणी आणखी तापतं. साडेतीन लिटर पाणी आणि पंधरा किलो भांडी १० अंशांनी जास्त तापवायला ०.०६ युनिट लागतं, मशीनचं स्वतःचं अंग धरून थोडं अधिक. विजेसाठी ते टाळण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रॅमकडून मात्र वाळण्याची अपेक्षा ठेवू नका, त्यात वाळवण्याचा टप्पा बहुधा नसतोच.

रात्री लावून सकाळी दार उघडणं, हे मी आधी सगळ्यांना सुचवत होतो. तेही चुकीचं ठरलं. आतल्या साधारण दीडशे लिटर हवेत ५५ अंशांना जेमतेम १५ ग्रॅम वाफ मावते. दार बंद राहिलं तर भिंती आणि भांडी सारखीच निवतात आणि उरलेली वाफ पुन्हा भांड्यांवर बसते. फेरी संपताच दार चार बोटं उघडा आणि वीस मिनिटं तसंच राहू द्या. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा आत जाईल या भीतीने जुलैभर दार बंद ठेवलं, आणि भांडी आणखी ओली राहिली. मुंबई-कोकणातल्या २७ अंशांच्या, ९० टक्के दमट हवेतही घनमीटरला २३ ग्रॅमच पाणी असतं, आतल्या गरम हवेत १०० च्या वर. भांडी गरम आहेत तोवर दार उघडण्यात फायदाच आहे. थंड झाल्यावर उघडलं तर नाही. म्हणून फेरी अशा वेळी लावा की संपताना कुणीतरी जागं असेल. स्वतःहून दार उघडणारं मॉडेल परवडत असेल तर ज्यादा पैसे तिथे घाला, वायफायवर नको. मशीन ओट्याखाली असेल तर वाफ प्लायच्या कडेवर आदळते आणि लॅमिनेट सुटतं. बऱ्याच मॉडेलसोबत त्यासाठी पट्टी येते, ती बसवून घ्या. नसेल तर जाड ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही: डब्यांची वळवलेल्या कडेची झाकणं. त्या वळणात शिरलेलं पाणी बाहेरून दिसत नाही, हाताला कोरडं लागतं, आणि तासाभराने रव्यात किंवा बेसनात उतरतं. गोळे होतात, नंतर बुरशी. ही झाकणं खालच्या जाळीत उभी लावतो, गरम असतानाच हातावर दोनदा आपटतो आणि भरायच्या आधी चार तास उन्हाच्या खिडकीत उपडी ठेवतो. नवे डबे घेताना झाकणाच्या कडेवरून नख फिरवून बघा; वळणाची फट पूर्ण दाबलेली असेल तरच घ्या.