आमान्तेस: नजर त्रिनीवर ठेवा

स्पॅनिश दिग्दर्शक विसेन्ते आरांदाचा 'आमान्तेस' हा चित्रपट बहुतेक जण व्हिक्टोरिया आब्रीलसाठी बघतात. बघावाच. १९९१ च्या बर्लिन महोत्सवात यातल्या लुईसाच्या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं, ते उगाच नाही. पण मला विचाराल तर हा चित्रपट त्रिनी झालेल्या मारिबेल वेर्दूचा आहे.

काळ १९५० च्या दशकातला, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतलं माद्रिद. पाको सक्तीची लष्करी सेवा संपवून बाहेर पडलाय, काम शोधतोय. त्याचं लग्न ठरलंय त्रिनीशी. ती त्याच्याच लष्करी वरिष्ठाच्या घरी मोलकरीण. लग्नाआधी अंगाला हात लावू द्यायचा नाही आणि पगारातून पै पै बाजूला टाकायची, हा तिचा नेम. पाको भाड्याने खोली घेतो ती लुईसाकडे. लुईसा विधवा, वयाने मोठी, लोकांना गंडवण्याच्या धंद्यात मुरलेली. पुढचं प्रकरण कुठे जाणार हे कोणालाही कळेल. आरांदा ते लपवतही नाही.

हीच मला आवडलेली गोष्ट. प्रेक्षकापासून काहीतरी दडवून शेवटी धक्का देणारे थरारपट ढिगाने आहेत. इथे आपल्याला सगळं माहीत असतं. कोणाला किती कळलंय आणि कळूनही कोण गप्प बसलंय, ताण त्याचा आहे. पाको त्रिनीपाशी खोटं बोलतो तेव्हा त्याच्या खोट्यापेक्षा तिचं ऐकून घेणं जास्त अस्वस्थ करतं.

आता शृंगाराबद्दल, कारण त्यासाठीच हा चित्रपट गाजला. प्रसंग धीट आहेत, पण एकही भरतीचा नाही. पुढाकार लुईसाचा, पाको शिकाऊ. तिला सुख हवंय आणि त्याबद्दल तिला कणभरही लाज नाही. होसे लुईस अल्काइनेचा कॅमेरा अंगावर रेंगाळण्याऐवजी चेहरे वाचतो, त्यामुळे कोणाची कोणावर किती पकड आहे ते पलंगावरच ठरताना दिसतं. हे प्रसंग कापले तर कथाच कळणार नाही.

आणि मग त्रिनी. पाकोचं बाहेर काय चाललंय हे कळल्यावर ती घर डोक्यावर घेत नाही. मालकीणबाईंच्या सल्ल्याने ती स्वतःच्या नेमाला मुरड घालते, त्याला जवळ करते, आईला भेटवायला गावी नेते. वेर्दू तेव्हा जेमतेम विशीतली, पण या बदलात तिने एकही अश्रू वाया घालवलेला नाही. तिच्या डोळ्यांत प्रेम आहे आणि त्याच्या जोडीला हिशेबही. लुईसा पाकोला वासनेने बांधते, त्रिनी चांगुलपणाने. आणि त्रिनीची गाठ जास्त घट्ट बसते. साधीभोळी मोलकरीण विरुद्ध पाताळयंत्री विधवा असं समजून बघायला बसाल तर अर्धा चित्रपट हातातून निसटेल.

त्यात पैसा शिरतो. लुईसाचं देणं थकलंय, पैसे मागणारे साधे नाहीत आणि त्रिनीकडे साठवलेली रक्कम आहे. बार विकत घेऊ या, असं आमिष तिला दाखवलं जातं. पुढचं सांगणार नाही. बुर्गोस शहरातल्या कॅथेड्रलसमोरचा प्रसंग आला की फोन हातात घेऊ नका, एवढंच. या कथेमागे खरा गुन्हा आहे. गाजलेल्या गुन्ह्यांवरच्या एका स्पॅनिश टीव्ही मालिकेचा भाग म्हणून ती आधी योजली होती, मग तिचा चित्रपट झाला. स्पेनच्या गोया चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन असे दोन्ही मान त्याने पटकावले.

कच्चे दुवेही आहेत. लुईसाचे धंद्यातले साथीदार फक्त पैशाचा तगादा लावण्यापुरते येतात. होर्हे सान्झचा पाको मधल्या भागात इतका मऊ पडतो की या दोघी याच्यात काय बघतात, असं वाटून मला त्याचा राग आला.

डब केलेली प्रत मिळाली तर सोडून द्या. वेर्दूचा आवाज पाकोशी बोलताना हळूहळू कसा कडक होत जातो ते मूळ स्पॅनिशमध्येच ऐकायला हवं, खाली सबटायटल्स लावून. आणि अर्थातच, घरातली मुलं झोपल्यावर.